कथेचं आशयसूत्र कसं शोधायचं: हंडा, पेला आणि एक पूर्ण वाक्य

‘कथेचा आशय स्पष्ट करा’ या प्रश्नाचं उत्तर इंदूरच्या वर्गांत बऱ्याचदा ‘या कथेतून लेखकाला असे सांगायचे आहे की’ असं सुरू होतं आणि ‘म्हणून आपण वडीलधाऱ्यांचा आदर केला पाहिजे’ इथे येऊन थांबतं. याचं मूळ शाळेत आहे. घरी मराठी आणि शाळेत हिंदी अशी आपल्याकडची वाटणी. हिंदीच्या तासाला कहानीची सहा तत्त्वं पाठ केलेली असतात: कथावस्तु, पात्र, संवाद, देशकाल, भाषाशैली आणि शेवटी उद्देश्य. पुढे मराठीच्या वर्गात ‘आशयसूत्र’ हा शब्द आला की तो निमूटपणे त्या सहाव्या खणात जाऊन बसतो.

तिथे तो बसत नाही. उद्देश्य लेखकाच्या मनातलं असतं, आणि लेखकाचं मन आपल्यापुढे नसतं. आपल्यापुढे असतात आठ-दहा छापील पानं. त्या पानांतल्या घटना, वस्तू, बोलणं आणि गप्प राहणं एकत्र घेतलं की माणसांबद्दल जे एक म्हणणं तयार होतं, ते आशयसूत्र. ते नेहमी पूर्ण वाक्यात सांगावं लागतं. ‘एकटेपणा’ हे आशयसूत्र नाही, तो विषय झाला. ‘म्हातारी घर सोडते’ हे कथानक. ‘म्हाताऱ्यांना दुखवू नये’ हे तात्पर्य, म्हणजे इसापाच्या गोष्टीखाली छापतात ते. चौथी गोष्ट हवी असते, आणि ती शोधायला पद्धत लागते.

पद्धत हवेत समजावून सांगितली तर कळत नाही. म्हणून या लेखापुरती एक अगदी छोटी कथा रचून खाली दिली आहे. पुढची प्रत्येक पायरी तिच्यावरच करून दाखवली आहे.

पाण्याचा दिवस

पाण्याचा दिवस होता. आत्या पाचला उठली. रामबागेतल्या दोन खोल्यांमधलं सामान रात्रीच बांधून झालं होतं. ट्रक नऊला यायचा होता. तिने पोत्याची दोरी सोडून हंडा बाहेर काढला, घासला, नळाखाली लावला. मग कळशी. मग दोन बादल्या.

“आत्या, आता कोणासाठी भरतेस?” दादाने विचारलं. त्याच्या हातात रजिस्ट्रीच्या कागदांची पिशवी होती.

“नळ आलाय,” आत्या म्हणाली.

वहिनी हंडा रिकामा करायला वाकली. “पोत्यात घालायचाय तो.” आत्या काही बोलली नाही. ओट्यावर सांडलेलं पाणी तिने फडक्याने टिपून घेतलं. वहिनी तशीच उभी राहिली.

साडेआठला नवा मालक किल्ली घ्यायला आला. बूट न काढता आत आला. आत्याने त्याला पेलाभर पाणी दिलं. ते त्याने उभ्यानेच प्यायलं, आणि पेला कुठे ठेवायचा ते न कळून हातातच धरून राहिला.

खाली ट्रकचा हॉर्न वाजला. वहिनीने हंड्यावर ताटली झाकली आणि रिकाम्या पोत्याचं तोंड बांधून टाकलं.

तीन वाचनं, तीन कामं

कथा तीनदा वाचावी लागते. तिन्ही वेळा तेच काम केलं तर मात्र ती एकदाच वाचल्यासारखी होते.

पहिलं वाचन सलग, एका बैठकीत, पेन्सिल लांब ठेवून. दहा पानांच्या कथेला अर्धा-पाऊण तास लागतो. संपल्यावर पुस्तक मिटून तीनच ओळी लिहा: काय घडलं, शेवटी काय वाटलं, कुठे अडखळायला झालं. तिसरी ओळ सगळ्यांत मोलाची. नव्या मालकाने पेला हातात धरून ठेवल्याचं लेखकाने का सांगितलं असेल, असा किरकोळ प्रश्न पडला असेल तर तो तसाच उतरवून ठेवा. पुढे उत्तराची चावी बहुधा तिथेच सापडते.

दुसरं वाचन पेन्सिलने. ग्रंथालयाच्या पुस्तकावर खुणा करू नयेत. झेरॉक्स काढावी, आणि दुकानदाराला थोडी लहान करून मागावी, म्हणजे बाजूला दोन बोटं कोरी जागा राहते. चारच खुणा पुरतात: पुन्हा आलेल्या वस्तूला किंवा शब्दाला गोल, बदललेल्या वागण्याला बाण, एकमेकांविरुद्ध उभ्या असलेल्या गोष्टींना काट, आणि जिथे कुणीतरी बोलायला हवं होतं पण बोललं नाही तिथे प्रश्नचिन्ह. हायलायटरने अर्धं पान पिवळं करण्याचा काहीही उपयोग नाही. सगळंच महत्त्वाचं ठरलं की निवड झालीच नाही असं समजावं.

तिसरं वाचन फक्त तीन तुकड्यांचं: पहिला परिच्छेद, शेवटचा परिच्छेद आणि मधला वळणाचा प्रसंग. सुरुवात आणि शेवट शेजारी ठेवून वाचले की काय हललं ते लगेच दिसतं.

वस्तूचा माग काढणं

या पायरीवर सगळ्यांत जास्त वेळ द्यावा. भावना शोधायला निघालं की आपण आपल्याच भावना सापडवतो. वस्तू कागदावर असते, तिच्याबद्दल भांडता येत नाही.

हंड्याचा माग काढू. पहिल्यांदा तो पोत्यातून बाहेर येतो, म्हणजे बांधलेलं सामान आत्या सोडते. दुसऱ्यांदा वहिनी तो रिकामा करायला वाकते; तिच्यालेखी तो न्यायचा ऐवज आहे. तिसऱ्यांदा तो भरलेला, झाकलेला, मागे राहतो. एकच वस्तू, तीन अवस्था: सामान, वाद, आणि मग घराचाच भाग. दोन वेळा आलेल्या वस्तूकडे एकदा दुर्लक्ष चालतं, तीन वेळा आलेल्या वस्तूकडे नाही.

आता पिशवी. कागद एकदाच येतात, दादाच्या हातात, आणि परत दिसत नाहीत. घर विकल्याच्या कथेत रजिस्ट्रीला एवढीशी जागा आणि पाण्याला एवढी मोठी, हे प्रमाणच काहीतरी सांगतंय. कथेने कशावर किती शब्द खर्च केले ते मोजून पाहायला लाजू नये. कोणत्या गोष्टीला किती ओळी, असा हिशेब वहीच्या मागच्या पानावर दहा मिनिटांत होतो.

मग पेला. आपल्याकडे आल्या माणसाला पाणी देतो तो यजमान. नवा मालक किल्ली घ्यायला आलेला, तरी त्या क्षणी पाहुणा तोच. आणि पेला कुठे ठेवायचा हे त्याला माहीत नाही. किल्ली त्याची झाली, घर अजून त्याचं झालेलं नाही. अडखळलेल्या जागेचा उपयोग हा असा होतो.

बदल कुणात होतो

‘मुख्य पात्र कोण’ हा प्रश्न परीक्षेत येतो म्हणून आपण त्याला फार मान देतो. आशयासाठी त्याहून कामाचा प्रश्न वेगळा आहे: सुरुवातीला जसं होतं तसं शेवटी कोण राहिलं नाही? आत्या बदलत नाही. पाचला ती जे करत होती तेच साडेआठला करते. दादाही बदलत नाही. बदलते वहिनी. हंडा रिकामा करायला वाकलेली बाई शेवटी त्याच्यावर ताटली झाकते. दोन्हींच्या मध्ये काय आहे? सांडलेलं पाणी पुसणारी आत्या, आणि ‘वहिनी तशीच उभी राहिली’ हे चार शब्द. वळण तिथे आहे. आत्याबद्दलच लिहिलेलं उत्तर कितीही सुंदर असलं तरी अर्धंच राहतं.

ज्या कथेत कुणीच बदलत नाही, तिथे वाचणाऱ्याचं मत बदललं का ते पाहावं. तेही बदललं नसेल तर एखादं वाक्य वाचायचं राहून गेलेलं असतं. पुन्हा दुसऱ्या वाचनाकडे जावं.

कोण सांगतंय

या कथेत ‘मी’ एकदाही नाही. म्हणून बरेच जण ‘तृतीयपुरुषी निवेदन’ लिहून मोकळे होतील. पण नात्यांचे शब्द पाहा: आत्या, दादा, वहिनी. परका माणूस असं म्हणणार नाही. सांगणारं माणूस घरातलंच आहे, दादाहून धाकटं आहे, सगळं पाहतंय आणि कशालाही हात लावत नाही. ना हंडा भरायला, ना पोतं बांधायला. खरेदीदाराचं नाव न सांगता त्याला ‘नवा मालक’ म्हणणारंही तेच. नात्याचा शब्द हा मराठी कथेतला पुरावा असतो. तो ओलांडून पुढे जाऊ नये. आत्या म्हणजे या घराण्यात जन्मलेली, वहिनी म्हणजे लग्न होऊन आलेली, हा फरकही त्याच शब्दांत आहे.

निवेदक आणि कथा यांची मतं एकच असतात असंही धरू नये. निवेदक एखाद्या पात्राची टर उडवत असेल आणि कथेतल्या घटना मात्र त्याच पात्राच्या बाजूने उभ्या असतील, तर घटनांवर विश्वास ठेवावा.

शब्दाचं वाक्य करणं

आता विधान. ते पहिल्या फटक्यात नीट येत नाही, येऊही नये. या कथेवरचे चार प्रयत्न क्रमाने पाहू.

‘जुनं घर सोडण्याचं दुःख.’ हा विषय आहे, आणि क्रियापदच नाही.

‘जुनं घर सोडताना माणसाला दुःख होतं.’ वाक्य झालं, पण हे कथा न वाचताही लिहिता आलं असतं. शिवाय कथेत कुणी रडत नाही, उसासा टाकत नाही, मागे वळून पाहत नाही. दुःख आपण घरून आणलं.

‘म्हाताऱ्या माणसांच्या सवयी सुटत नाहीत.’ जरा बरं. हंडा भरण्याचं कारण मिळालं. पण ताटलीवर येऊन हे अडतं. वहिनी म्हातारी नाही, आणि पाणी भरून मागे ठेवणं ही तिची सवयही नाही.

‘घराची मालकी कागदावर एका सकाळी बदलते, पण घर सांभाळण्याचं काम कागदाने देता-घेता येत नाही, ते करताना पाहणाऱ्याच्या हातात उतरतं.’ यात हंडा बसला, पिशवी बसली, पेला बसला, ताटली बसली, आणि ‘वहिनी तशीच उभी राहिली’ हेही बसलं.

विधानात ‘पण’, ‘तरी’, ‘म्हणून’ यांपैकी एक तरी अव्यय असावं, असा एक व्यवहारी नियम आहे. हा काही व्याकरणाचा नियम नव्हे, पण अव्यय नसलं की विधान बहुधा सपाट निघतं, कारण ओढाताण दोन बाजूंची असते आणि आपण एकच लिहिलेली असते. लांबी पंचवीस-तीस शब्दांवर जाऊ देऊ नये.

विधान मोडून पाहणं

विधान आवडलं की ते धोक्याचं ठरतं. तीन प्रकारे ते ठोकून पाहावं.

पहिला ठोका: कथेतला सर्वांत आडमुठा तपशील घ्या आणि विधानात बसतो का ते पाहा. इथे असा तपशील म्हणजे ‘नळ आलाय’ हे उत्तर. दादा विचारतो ‘कोणासाठी’, आत्या सांगते ‘का’. तिच्या दृष्टीने पाणी कुणासाठी भरायचं नसतं; ते आलं म्हणून भरायचं असतं. नर्मदेचं पाणी दिवसाआड येणाऱ्या गावात हे उत्तर कुणालाही वेडेपणाचं वाटणार नाही. विधान टिकलं.

दुसरा ठोका: हेच वाक्य वर्गात वाचलेल्या दुसऱ्या एखाद्या कथेखाली लिहून पाहा. तिथेही तितकंच चिकटलं तर ते फार ढिलं आहे.

तिसरा ठोका: विरोधी वाचन मांडा. ‘पाणी भरणं हा आत्याचा मूक विरोध आहे’ असं कुणी म्हणेल. त्याच्या बाजूने सोडलेली दोरी आहे. विरुद्ध बाजूला पेला आहे: विरोध करणारी बाई खरेदीदाराला आपणहून पाणी देणार नाही. दुसरं कुणी म्हणेल, ‘घर चालवतात बायका, विकतात पुरुष’. हे वाचन अधिक धारदार आहे, आणि खरं सांगायचं तर वरच्या चौथ्या विधानाच्या तोडीचं आहे: कागद दादाकडे, किल्ली मालकाकडे, पाण्याची भांडी दोघींकडे. फक्त घर विकताना आत्याला कुणी विचारलं की नाही, हे कथा सांगत नाही. तेवढी जागा कोरी ठेवून हे विधानही चांगलं उत्तर होईल. एका कथेची दोन विधानं टिकू शकतात. वाटेल ते विधान मात्र टिकत नाही.

शब्दांचे खड्डे

हिंदीत मुरलेल्या वाचकाला मराठी कथेत काही शब्द हमखास पाडतात. ‘संसार’ म्हणजे आपल्याकडे घरप्रपंच, जग नव्हे. ‘शिक्षा’ म्हणजे दंड. ‘चेष्टा’ म्हणजे थट्टा, प्रयत्न नव्हे. ‘तिला राग होता’ यात प्रेम नाही. एखाद्या कथेचा शेवट ‘हीच तिची शिक्षा’ असा असेल आणि वाचणाऱ्याने त्यात बोध शोधला, तर अख्खं उत्तर उलट्या दिशेला जातं. वाक्याचा अर्थ जरा जास्तच उदात्त वाटला की कोश उघडावा. जुन्या कथांना मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश कामाचा (पहिली आवृत्ती १८३१, सुधारलेली १८५७), बोलीतल्या शब्दांना दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश. ग्रामीण कथेतला संवाद मनात न वाचता मोठ्याने वाचावा. डोळ्यांना न कळलेलं बरंच कानाला कळतं.

कथेचा काळही पाहावा. कादंबरीकार ह. ना. आपटे यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केलं, त्या काळच्या गोष्टींत निवेदक मध्येच थांबून वाचकाशी बोलतो आणि आशय बराचसा उघड सांगतो. तिथे काम असतं ते निवेदक म्हणतो ते आणि घडतं ते जुळतंय का हे पाहण्याचं. १९४५ नंतरच्या नवकथेत हे सांगणं जवळपास गळून पडलं, आणि वस्तू, प्रतिमा, मनातली खळबळ यांवर भार आला. तिथे माग काढण्याची पायरी लांबवावी. दलित कथेबद्दल लिहिताना ‘जातिव्यवस्था’ एवढा एकच शब्द लिहून थांबणं ही नेहमीची चूक. जात कुठे अडवते, कुणाच्या तोंडून बोलते, पात्र तिच्याशी काय करतं, हे सांगितल्याशिवाय विधान होत नाही.

समीक्षा वाचायची ती स्वतःचं विधान वहीत उतरल्यावर. आधी वाचली की कथेत तेवढंच दिसतं. इंदूरच्या २००१ च्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा विजया राजाध्यक्ष कथाकारही होत्या आणि समीक्षकही. असा दुहेरी अनुभव असलेल्या लेखकांचं कथेबद्दलचं लेखन जरूर वाचावं, पण स्वतःच्या कथेबद्दल लेखकाने दिलेला खुलासाही एका वाचकाचं मत म्हणूनच तपासावा.

उत्तर लिहिताना

पाचशे शब्दांचं उत्तर धरू. पहिला परिच्छेद पन्नास शब्दांचा, आणि त्यातच विधान. ते शेवटासाठी राखून ठेवू नका. तपासणाऱ्याला रहस्यकथा नको असते. कथासार चार ओळींत. त्याहून लांबलं की पुढे पुराव्यांना जागा उरत नाही, आणि कमी गुण मिळण्याचं सर्वांत मोठं कारण हेच असतं. नंतर तीन परिच्छेद, प्रत्येकी शंभराच्या आसपास शब्द, प्रत्येकात एकच पुरावा. शेवटच्या आधी एक छोटा परिच्छेद विरोधी वाचनाला.

पुराव्याचा परिच्छेद असा दिसतो:

“वहिनी प्रथम हंडा रिकामा करायला वाकते. ‘पोत्यात घालायचाय तो’ या तिच्या वाक्यात हंडा हे केवळ सामान आहे. शेवटी त्याच हंड्यावर ती ताटली झाकते. पाणी झाकून ठेवण्यात ते पुढे कोणीतरी पिणार आहे हे गृहीत असते, आणि येथे तो पिणारा परका आहे. आत्याने कोणतीही सूचना दिलेली नाही. तिने फक्त सांडलेले पाणी पुसले. घर सांभाळण्याची रीत शब्दांवाचून एका बाईकडून दुसरीकडे गेल्याचे या कृतीतून दिसते.”

यात अवतरण तीनच शब्दांचं आहे. दहा-बारा शब्दांपलीकडे अवतरण नेऊ नये, आणि अवतरणावर परिच्छेद संपवू नये. त्याने काय सिद्ध झालं ते आपल्या शब्दांत यायलाच हवं. ‘लेखकाने विदारक चित्रण केले आहे’, ‘मन हेलावून जाते’, ‘समाजाला आरसा दाखवला आहे’ ही वाक्यं खोडून टाका. खोडल्यावर परिच्छेदात काही उरलं नाही, तर तो परिच्छेद मुळातच नव्हता.

परीक्षेत वेळ कमी असतो, तेव्हा लिहायला लागण्यापूर्वी पाच मिनिटं कच्च्या पानावर एवढंच उतरवावं: कुणात बदल झाला, कोणती वस्तू तीनदा आली, आणि ‘पण’ असलेलं एक वाक्य. नावं आणि नाती तिथेच तपासून घ्यावीत. वहिनीची सून झाली किंवा आत्याची आजी झाली की पुढचा सगळा युक्तिवाद वाया जातो.